संवादी शेलमधील लायब्ररी-जोडणीचे दोष व त्यांचे निदान : सायलॅब संगणकप्रणालीच्या विशेष संदर्भात

सारांश :

सायलॅब, पायथन, आर यांसारख्या संवादी शेलमध्ये काम करताना सी, सी++ अथवा फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या लायब्ररींची जोडणी कार्यवाहीच्या वेळी होत असते. ही जोडणी फसली असता पडद्यावर दिसणारा दोषसंदेश बहुधा अपुरा असतो. त्यामुळे संपूर्ण प्रणाली पुन्हा प्रस्थापित करण्याकडे विद्यार्थ्यांचा व प्रयोगशाळा साहाय्यकांचा कल दिसून येतो. प्रस्तुत लेखात या दोषांचे शोध, जुळणी, नामबंध व अर्थबंध अशा चार टप्प्यांत वर्गीकरण केले असून प्रत्येक टप्प्यावरील निदानाची रीत स्पष्ट केली आहे. जोडणी यशस्वी होणे व उत्तर बरोबर येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : संवादी शेल, गतिमान जोडणी, सामायिक लायब्ररी, सायलॅब, फॉसी, दोषनिदान.

१. प्रस्तावना

संख्यात्मक गणनेसाठी सायलॅब ही मुक्त स्रोत संगणकप्रणाली जगभर वापरली जाते. फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत तिचा विकास झाला आणि १९९४ मध्ये ती आंतरजालावर सर्वांसाठी खुली झाली. भारतात तिच्या प्रसाराचे प्रमुख केंद्र मुंबईच्या उपनगरात, पवई येथील आय.आय.टी. मुंबईमध्ये आहे. केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ २००९ मध्ये झाला. या अभियानाच्या साहाय्याने रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आय.आय.टी. मुंबईत फॉसी हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षणक्षेत्रात मुक्त संगणकप्रणालींचा वापर वाढविणे हा त्याचा हेतू होय. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये उतरविणे, स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रपाठ उपलब्ध होणे आणि सायलॅबसाठी नवे टूलबॉक्स तयार करणे अशी कामे त्यातून झाली.

यांपैकी टूलबॉक्सचा मुद्दा प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. फॉसीचा इष्टतमीकरणाचा टूलबॉक्स रेषीय व अरेषीय समस्या सोडवितो. परंतु प्रत्यक्ष गणना सायलॅबच्या भाषेत होत नाही. ती कॉइन-ओआर या मुक्त प्रकल्पातील सीएलपी, सिम्फनी, आयपॉप्ट, बॉनमिन इत्यादी लायब्ररींमध्ये होते. प्रतिमा-प्रक्रियेचा टूलबॉक्स त्याच रीतीने ओपनसीव्ही या लायब्ररीवर उभा आहे. सायलॅबच्या शेलमध्ये विद्यार्थी एक ओळ लिहितो तेव्हा त्या ओळीच्या मागे अनेक लायब्ररींची साखळी कार्यरत असते. साखळीतील एक कडी निखळली तरी प्रात्यक्षिक थांबते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या परिसरातील महाविद्यालयांत, किंबहुना कोठेही, प्रात्यक्षिकाचा वेळ मोजका असतो. दोन तासांच्या प्रात्यक्षिकातील एक तास दोषसंदेश वाचण्यात गेला, तर सिम्प्लेक्स पद्धत शिकण्यासाठी आलेला विद्यार्थी ती न शिकताच परततो. त्याहून गंभीर परिणाम असा की, मुक्त प्रणाली भरवशाची नसते असा ग्रह त्याच्या मनात रुजतो. पुढे तो महागडी किंवा बेकायदा नक्कल केलेली प्रणाली वापरू लागतो. वस्तुतः दोष प्रणालीचा नसून जोडणीचा असतो आणि तो बहुतेक वेळा काही मिनिटांत ओळखता येतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) संवादी शेलमध्ये लायब्ररीची जोडणी कशी होते हे स्पष्ट करणे.
२) जोडणीच्या दोषांचे टप्प्यांनुसार वर्गीकरण करणे.
३) दोषनिदानाचा सुलभ क्रम मांडणे व घातक उपायांकडे लक्ष वेधणे.

३. संवादी शेल व गतिमान जोडणी : संकल्पना

सी भाषेतील आज्ञावली सामान्यतः दोन पायऱ्यांत तयार होते. कंपायलर मूळ लेखनाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर वेगवेगळे तुकडे एकत्र जोडतो. ही जोडणी कायमची करून टाकली तर तिला स्थिर जोडणी म्हणतात. लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून ठेवून आज्ञावली चालू होताना किंवा चालू असताना जोडली, तर ती गतिमान जोडणी होय. लिनक्सवर अशा सामायिक लायब्ररीच्या फाइलचे नाव ‘.एसओ’ने व विंडोजवर ‘.डीएलएल’ने संपते.

संवादी शेलचे वैशिष्ट्य असे की, वापरकर्ता पुढे कोणती लायब्ररी मागेल हे त्याला आधी ठाऊक नसते. म्हणून शेल चालू असतानाच जोडणी करावी लागते. सायलॅबमध्ये ‘लिंक’ ही आज्ञा हे काम करते, ‘सी_लिंक’ या आज्ञेने एखादे फंक्शन जोडले गेले आहे की नाही हे तपासता येते आणि ‘यूलिंक’ने जोडणी सोडविता येते. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट’ व आर प्रणालीत ‘डिन.लोड’ या आज्ञांमागे हीच क्रिया घडते. शेल कोणतेही असो, लिनक्सवर अंतिम काम कार्यकारी प्रणालीचा गतिमान लिंकरच करतो. त्यामुळे सायलॅबच्या उदाहरणावरून समजलेली गोष्ट इतर शेललाही लागू पडते.

जोडणीचा दोष ओळखण्यापूर्वी तो खरोखर जोडणीचा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ असा संदेश येऊन पुढे फंक्शनचे नाव दिसले, तर टूलबॉक्स शेलमध्ये आलेलाच नाही असा त्याचा सामान्य अर्थ होतो. सायलॅबच्या ॲटम्स या व्यवस्थेत टूलबॉक्स एका वापरकर्त्यापुरता किंवा सर्व वापरकर्त्यांसाठी प्रस्थापित करता येतो. साहाय्यकाने तो केवळ आपल्या खात्यात प्रस्थापित केला असेल, तर विद्यार्थ्याच्या खात्यात तो दिसणार नाही. येथे लायब्ररी तपासण्याचे कारणच उरत नाही.

४. जोडणीचे टप्पे व दोषांचे वर्गीकरण

४.१ शोध : फाइल सापडणे

पहिल्या टप्प्यावर लिंकर फाइल शोधतो. लिनक्सवर हा शोध ठरलेल्या क्रमाने होतो. लायब्ररीत नोंदविलेला मार्ग, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील फोल्डर, प्रणालीने तयार केलेली सूची आणि अखेरीस नेहमीचे फोल्डर ही त्यातील ठिकाणे होत. यांपैकी कोठेही फाइल मिळाली नाही तर ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ असा संदेश येतो.

या संदेशातील फाइलचे नाव लक्षपूर्वक वाचावे. विद्यार्थ्याने मागितलेल्या लायब्ररीऐवजी तिला लागणाऱ्या दुसऱ्याच लायब्ररीचे नाव तेथे असू शकते. सीएलपीला कॉइनयूटिल्स ही लायब्ररी लागते. ती नसेल तर सीएलपीची फाइल जागेवर असूनही जोडणी फसते. लिनक्सवरील संदेशात निदान हरवलेल्या फाइलचे नाव तरी असते. विंडोजवरील ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ हा संदेश तेवढेही सांगत नाही. फाइल डोळ्यांसमोर असते आणि संगणक ती सापडत नाही असे म्हणतो. वास्तविक न सापडलेली फाइल त्या फाइलवर अवलंबून नसून, ती फाइल जिच्यावर अवलंबून आहे ती असते.

लिनक्सवर ही अवलंबनाची साखळी पाहण्यासाठी ‘एलडीडी’ हे साधन आहे. ते प्रत्येक आवश्यक लायब्ररीपुढे ती कोठे सापडली हे दाखविते व न सापडलेल्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ असे लिहिते. मात्र येथे एक सूक्ष्म अडचण आहे. सायलॅब सुरू करणारी फाइल ‘एलडी_लायब्ररी_पाथ’चे मूल्य स्वतः बदलते. त्यामुळे साध्या टर्मिनलमध्ये एलडीडीने सर्व काही ठीक दाखविले, तरी सायलॅबच्या आत तीच जोडणी फसू शकते. तपासणी सायलॅबच्या परिवेशातच व्हावी यासाठी शेलमधूनच ‘होस्ट’ आज्ञेने एलडीडी चालवून त्याचा निकाल एखाद्या फाइलमध्ये वळवावा. दोन्ही निकालांतील फरक हाच पुष्कळदा दोषाचा माग असतो.

४.२ जुळणी : सापडलेली फाइल योग्य असणे

फाइल सापडली म्हणजे ती उपयोगाची असतेच असे नाही. ३२ बिटची लायब्ररी ६४ बिटच्या शेलमध्ये जोडता येत नाही. लिनक्सवर अशा वेळी ‘राँग ईएलएफ क्लास’ असा संदेश येतो. याचा उपाय एकच, तो म्हणजे योग्य प्रकारची लायब्ररी मिळविणे.

आवृत्त्यांमधील विसंगती अधिक गुंतागुंतीची असते. लायब्ररीच्या नावाअखेरचा क्रमांक हा एक करार मानावा. क्रमांक तोच असेल तर नवी फाइल जुन्या फाइलची जागा घेऊ शकते. क्रमांक बदलला तर तो करार संपुष्टात येतो. दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण सी++ भाषेच्या प्रमाण लायब्ररीचे. जीसीसी कंपायलरसोबत येणाऱ्या या लायब्ररीचा क्रमांक २००४ मधील ३.४ या आवृत्तीपासून ६ असाच राहिला आहे. सायलॅबच्या तयार लिनक्स संचात या लायब्ररीची स्वतःची एक प्रत समाविष्ट असे. शेल सुरू होताना ती जुनी प्रत प्रथम स्मृतीत येते. त्यानंतर नव्या कंपायलरने तयार केलेला टूलबॉक्स जोडू गेल्यास लिंकर त्याच नावाची दुसरी प्रत आणत नाही, आधीचीच पुढे करतो. मग ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ने आरंभ होणारी अमुक आवृत्ती सापडली नाही असा संदेश दिसतो. प्रणालीतील नवी प्रत जुन्या मागण्याही पूर्ण करीत असल्याने, सायलॅबच्या फोल्डरातील जुनी प्रत बाजूला काढून ठेवली असता हा दोष दूर होतो. ती पुसून न टाकता दुसऱ्या फोल्डरात जपून ठेवणे इष्ट.

दुसरे उदाहरण फोर्ट्रानच्या लायब्ररीचे. आयपॉप्टला रेषीय समीकरणे सोडविण्यासाठी मम्प्ससारख्या फोर्ट्रान लायब्ररीचे साहाय्य घ्यावे लागते आणि तिला जीसीसीची फोर्ट्रान लायब्ररी लागते. या लायब्ररीचा क्रमांक दीर्घकाळ ३ होता. जीसीसी ७ मध्ये तो ४ व जीसीसी ८ पासून ५ झाला. जुन्या संगणकावर तयार झालेला टूलबॉक्स क्रमांक ३ ची फाइल मागतो आणि नव्या प्रणालीत ती नसते. येथे फाइलला जुने नाव देऊन काम भागविणे म्हणजे मोडलेला करार खोट्या सहीने जिवंत दाखविण्यासारखे आहे. क्रमांक ३ ची मूळ लायब्ररी प्रस्थापित करणे किंवा टूलबॉक्स नव्याने तयार करणे हेच येथील योग्य उपाय होत.

सायलॅबची स्वतःची आवृत्ती हाही जुळणीचाच भाग आहे. २०१७ मध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीत सायलॅबची अंतर्गत रचना मोठ्या प्रमाणात बदलली. ५.५.२ साठी तयार केलेल्या टूलबॉक्सच्या फाइली ६.० मध्ये तशाच चालत नाहीत. त्या नव्याने तयार कराव्या लागतात.

४.३ नामबंध : आवश्यक नाव मिळणे

योग्य लायब्ररी स्मृतीत आल्यावर लिंकर तिच्यातील नावांचा मेळ घालतो. येथील दोषाचा संदेश ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ असा असतो. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनात या दोषाचे सर्वांत प्रचलित कारण म्हणजे सी++ कंपायलरने केलेला नावातील बदल होय. एकाच नावाची अनेक फंक्शने ओळखता यावीत म्हणून तो नावाला चलांच्या प्रकारांची चिन्हे जोडतो. ‘सरासरी’ या नावाचे फंक्शन लायब्ररीत ‘_झेड’ने आरंभ होणाऱ्या, नंतर नावाची अक्षरसंख्या, मूळ नाव व प्रकारदर्शक अक्षरे असलेल्या लांब नावाने नोंदविले जाते. सायलॅब मात्र ‘सरासरी’ हेच नाव शोधतो आणि त्याला ते मिळत नाही. मूळ लेखनात त्या फंक्शनपूर्वी ‘एक्सटर्न सी’ अशी सूचना लिहिल्यास नाव जसेच्या तसे राहते. फोर्ट्रानचे कंपायलरही बहुधा नावाच्या अखेरीस अधोरेषा जोडतात. म्हणूनच फंक्शन कोणत्या भाषेतील आहे हे ‘लिंक’ आज्ञेत सांगावे लागते. लायब्ररीत नेमकी कोणती नावे आहेत हे ‘एनएम’ या साधनाने पाहता येते.

या दोषाचे दुसरे कारण क्रमाचे असते. एखादी लायब्ररी आपल्याला काय लागते याची नोंदच ठेवत नसेल, तर तिला आधारभूत असणारी लायब्ररी आधी जोडावी लागते. टूलबॉक्सच्या लोडर फाइलमधील ओळींचा क्रम म्हणूनच बदलू नये.

४.४ अर्थबंध : फंक्शनला योग्य प्रकारची माहिती मिळणे

हा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे, कारण येथे संदेश येईलच असे नाही. सी भाषेतील जोडणी केवळ नावावर होते. चलांचे प्रकार कोणी तपासत नाही. सायलॅबमधील साधी संख्या द्विगुणित अचूकतेची, म्हणजे ‘डबल’ प्रकारची असते. सी फंक्शनला पूर्णांक हवा असताना ‘कॉल’ आज्ञेत तो प्रकार चुकीचा सांगितला, तर फंक्शन त्याच बिटांचा वेगळा अर्थ लावते. कधी शेल अकस्मात बंद पडते. कधी मात्र एक उत्तर मिळते आणि ते चुकीचे असते. बंद पडलेले शेल विद्यार्थ्याच्या तत्काळ लक्षात येते. चुकीचे उत्तर तो वहीत उतरवून घेतो. यास्तव नवी जोडणी झाल्यावर ज्याचे उत्तर हाताने काढता येते असे एक लहान उदाहरण सोडवून पाहणे हा निदानाचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

५. शेलची स्मृती : एक विशेष अडचण

साधी आज्ञावली प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते. संवादी शेल तासन्‌तास चालू राहते. यातून दोन भ्रम निर्माण होतात.

पहिला भ्रम दुरुस्तीबाबतचा आहे. विद्यार्थी सी फाइलमधील चूक सुधारतो, लायब्ररी पुन्हा तयार करतो, परंतु शेलमध्ये जुनेच उत्तर येते. स्मृतीत आधीची लायब्ररी अद्याप जोडलेली असते हे त्याचे कारण. ‘यूलिंक’ करून नंतर पुन्हा ‘लिंक’ करावे किंवा शेल बंद करून नव्याने सुरू करावे.

दुसरा भ्रम मार्गाबाबतचा आहे. लिनक्सचा गतिमान लिंकर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’चे मूल्य प्रक्रिया सुरू होतानाच वाचतो. चालू शेलमधून ते बदलल्यास त्या शेलपुरता काहीही परिणाम होत नाही. विंडोजमध्ये ‘पाथ’ बदलल्याचा परिणाम सामान्यतः चालू प्रक्रियेतही होतो. त्यामुळे विंडोजवरील अनुभव लिनक्सवर लागू केल्यास दिशाभूल होते.

६. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

१) शेल बंद करून नव्याने सुरू करावे व दोष पुन्हा घडतो काय ते पाहावे.
२) संपूर्ण दोषसंदेश उतरवून घ्यावा, त्यातील फाइलचे किंवा फंक्शनचे नाव अधोरेखित करावे.
३) टूलबॉक्स शेलमध्ये आला आहे काय, हे पाहावे.
४) सायलॅबची आवृत्ती व बिटसंख्या टूलबॉक्सशी जुळते काय, ते तपासावे.
५) शेलमधूनच एलडीडी चालवून ‘नॉट फाउंड’ असलेली नावे शोधावीत. लिंकर कोणकोणत्या फोल्डरात शोध घेतो हे पाहावयाचे असल्यास ‘एलडी_डीबग’ या व्हेरिएबलला ‘लिब्स’ हे मूल्य देऊन सायलॅब सुरू करावे.
६) नाव न सापडल्यास एनएमने लायब्ररीतील नावे पाहावीत.
७) स्वतः लायब्ररी तयार करावयाची असल्यास ‘हॅव्हअकंपायलर’ या आज्ञेने संगणकावर कंपायलर आहे याची खात्री करावी. विंडोजवरील सायलॅबसोबत कंपायलर येत नाही. तो स्वतंत्रपणे प्रस्थापित करावा लागतो.
८) जोडणी झाल्यावर ज्ञात उत्तराचे उदाहरण सोडवावे.

हा क्रम सोडून एकाच वेळी अनेक बदल करू नयेत. तीन बदलांनंतर दोष गेला, तर तो कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही आणि पुढील संगणकावर तिन्ही बदल पुन्हा करावे लागतात.

७. प्रयोगशाळेसाठी सूचना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अनेक संगणक असतात आणि दोष बहुधा सर्वांवर एकच असतो. म्हणून कार्यकारी प्रणाली, सायलॅब व टूलबॉक्स यांच्या आवृत्त्या सत्राच्या आरंभी निश्चित करून सत्र संपेपर्यंत त्या बदलू नयेत. टूलबॉक्स सर्व वापरकर्त्यांसाठी प्रस्थापित करावा. दोषसंदेश, सिद्ध झालेले कारण व केलेला उपाय अशा तीन रकान्यांची एक दोष-नोंदवही ठेवावी. साहाय्यक बदलला तरी अनुभव प्रयोगशाळेतच राहील. प्रात्यक्षिकाच्या वेळी दोष लवकर दूर होत नसेल आणि काम केवळ सायलॅबच्या मूळ फंक्शनांचे असेल, तर फॉसीने उपलब्ध केलेल्या सायलॅब ऑन क्लाउड या सुविधेवर ब्राउझरमधून ते करता येते. त्यामुळे विद्यार्थ्यांचा तास वाया जात नाही आणि निदान नंतर शांतपणे करता येते.

८. समारोप

लायब्ररी-जोडणीचे दोष वरवर असंख्य वाटले तरी ते चार प्रश्नांत सामावतात : फाइल सापडली काय, ती योग्य आहे काय, तिच्यात हवे ते नाव आहे काय आणि त्या नावामागील फंक्शनला योग्य प्रकारची माहिती मिळते काय. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संगणक दोषसंदेशातून कमीअधिक स्पष्टपणे देतो. चौथ्याचे उत्तर मात्र मनुष्यालाच पडताळावे लागते.

प्रणाली काढून पुन्हा प्रस्थापित केल्याने कधी कधी दोष जातो, परंतु त्यातून ज्ञान मिळत नाही. मुक्त स्रोत प्रणालीचा खरा लाभ केवळ ती विनामूल्य मिळण्यात नाही. तिचे अंतरंग उघडून पाहता येते, यात तो आहे. लायब्ररीची साखळी एकदा स्वतः तपासलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही शेलमधील दोषसंदेशाला घाबरणार नाही, तो संदेश वाचू लागेल. अभ्यासक्रमातील एखादे प्रात्यक्षिक हेतुपुरस्सर मोडलेल्या जोडणीवर आधारित ठेवल्यास हे कौशल्य सर्वच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे शक्य होईल.